डाव्या हाताचा नमस्कार

देवासच्या त्या मैदानावर वाटेत काहीच नव्हतं, तरी धवल काटकर वळसा घालून धावला. नुसता वळसा असता तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण ऐन वळणावर तो कमरेतून डावीकडे झुकला, डावा हात गुडघ्याखाली सोडला, हवेत कशाला तरी बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि तसाच तिरका उडून त्याने बॉल टाकला. बॉल आत घुसला. मधला स्टंप कोलांट्या मारत कीपरच्या पायाशी जाऊन पडला.

टाळी कुणी वाजवली नाही. सगळे जमिनीकडे बघत होते.

"ओ भिया, कुछ गिर गया था क्या?" स्लिपमधून एकाने विचारलं.

"साप होगा," दुसरा म्हणाला आणि आपला मागे सरकला.

"काही नाही, काही नाही," धवल घाम पुसत म्हणाला. "सवय आहे."

मैदान सोयातेलाच्या एका कारखान्याचं. कारखान्याची क्रिकेट टीम होती, टीमला फास्ट बॉलर हवा होता, आणि जो बॉलर पसंत पडेल त्याला स्टोअरमध्ये परमनंट नोकरी, असा तो मामला होता. परमनंट हा शब्द काटकरांच्या घरात कुणी स्वतःबद्दल कधी वापरला नव्हता. आजे-पणजे राजाच्या फौजेबरोबर धारला आले. फौज गेली, राजा गेला, आणि काटकर तंबू ठोकायला शिल्लक राहिले. धवलचे वडील गणपत टेंट हाउसचे बांबू वाहून वाहून कमरेतून असे वाकले होते की आकाश बघायचं तर त्यांना खाटेवर आडवं व्हावं लागे. धवलही तेच बांबू वाहत होता. त्याला सत्ताविसावं चालू होतं. फास्ट बॉलरचं सत्ताविसावं म्हणजे उपवराची चाळिशी.

मॅनेजर कटारिया साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी स्टंपाकडे पाहिलं, धवलकडे पाहिलं. "स्पीड है. मगर ये नौटंकी बड़े साहब के सामने नहीं चलेगी. इरावती मॅडम, इसको सीधा कर सकते हो?"

इरावती दिघे टीमची फिजिओ होती. देवासच्याच जुन्या मराठी घरातली. पिढ्यान् पिढ्या दरबारी दप्तरं लावलेलं घराणं, त्यामुळे वाकडं काही दिसलं की हात शिवशिवायचे.

"महिना लागेल," ती म्हणाली.

"दिया. महिने बाद बड़े साहब मॅच देखने आएँगे. उस दिन विकेट लेगा तो पक्का."

धवलने वाकून त्यांचे पाय धरले. उठताना कमरेच्या डाव्या बाजूला एक सुई टोचली. ती गेले काही महिने टोचतच होती. त्याने चेहरा हसरा ठेवला. इरावतीने ते पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोबाइलवर त्याची बॉलिंग त्यालाच दाखवली, अगदी संथ करून. संथ गतीत माणूस फार केविलवाणा दिसतो. धवलला वाटायचं, आपण वाघासारखे धावतो. मोबाइलात एक जण पंगतीत पडलेली पत्रावळ उचलायला पळत होता.

"थांब. हे बघ," इरावती म्हणाली. "पाय कुठे चाललेत?"

"बॅट्समनकडे?"

"महूला. कंबर इंदूरला. आणि खांदा निघालाय उज्जैनला. एका माणसाला तीन गावांना पाठवतोस, मधला मणका काय करेल बिचारा? आणि हा नमस्कार कोणाला?"

"भेरूजींना."

"ते कुठेयत?"

"धारला."

"मग?"

धवलने जरा विचार केला. "ते तिथेच आहेत, मॅडम. पण हात इकडे आलाय ना."

धारच्या त्यांच्या मैदानात बॉलिंगच्या एकाच टोकाने धावता येतं. दुसऱ्या टोकाला नाला आहे. आणि या टोकाला, नेमका रनअपच्या मधोमध, भेरूजींचा ओटा. भेरूजी म्हणजे मराठी मुलखातले भैरोबा. तिकडे दर शेताला, दर नाक्याला असतात. शेंदूर फासलेला दगड, वर चांदीचा वर्ख, दोन वटारलेले डोळे. एका अधिकाऱ्याने एकदा ओटा हटवायचं मनावर घेतलं, तर आठवड्यात त्याची बदली झाली. बदली भेरूजींनी केली की मंत्र्याने, हे विचारण्याची कुणाची टाप नव्हती.

तेव्हा बॉलरने उजवीकडून वळसा घालायचा, हे ठरलं. देवाजवळून जायचं तर नमस्कार करूनच जायचं, हेही ठरलं. वाद झाला तो हातावरून. देवाला डावा हात लावतात का? तो वाद मिटवला प्रतापराव सरांनी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, धोतरातल्या बापांपासून बर्मुड्यातल्या पोरांपर्यंत सगळ्यांचे सर. ते म्हणाले, "उजव्या हातात काय असतं? बॉल. बॉल कशाचा? चामड्याचा. चामडं धरलेला हात देवाला लावणार काय रे गाढवांनो?"

शास्त्र तिथे संपलं. मग सरांनी त्याची ॲक्शनच बनवली: वळसा, वाकणं, डावा हात, कपाळ, उडी. वाकलेल्या अंगाने उडी मारली की बॉल मॅटिंगवर पडून असा आत यायचा की धार जिल्ह्यात बदनावर गावापासून मनावर गावापर्यंतचे ओपनर मांडीला टॉवेल बांधून खेळायला यायचे. डावखुऱ्या बॉलरची मात्र पंचाईत होती. त्याने चामड्याच्याच हाताने देवाला शिवायचं की काय? म्हणून धारला डावखुरा पोरगा दिसला की सर त्याला विकेटकीपर करायचे.

या शास्त्राने धवलने बदनावरच्या टूर्नामेंटमध्ये एक कूलर जिंकला, मनावरला एक शिलाई मशीन. बॉल असा आत येतो तो भेरूजी आत ढकलतात म्हणून, यावर सगळ्यांचा विश्वास होता. मणक्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

इरावतीने मैदानात सरळ दोरी ताणली आणि धवलला चालायला लावलं. धावायचं नाही. फास्ट बॉलरला आठवडाभर चालवलं. कॅन्टीनच्या बाया भांडी घासता घासता बघायच्या. "मॅडम उसको बारात में नाचना सिखा रही है," असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

"मागचा पाय जिकडे, कंबर तिकडे. कंबर जिकडे, खांदा तिकडे," इरावती म्हणायची. "पुढचा पाय बॅट्समनवर रोखून टाक. डोकं दोन पायांच्या मधे. डोकं डावीकडे पडलं की सगळी इमारत पडली."

"डोकं मधेच आहे, मॅडम."

"ते तुझं मत. मोबाइलचं वेगळं आहे. आणि डावीकडे दुखतं का तुला? खरं सांग."

"नाही हो."

"पाठीमागे, कमरेच्या वर? बोटाने दाखवता येईल असं एका जागी?"

"अजिबात नाही," धवल म्हणाला. ती जागा त्याला झोपेतसुद्धा बोटाने दाखवता आली असती.

"ऐक. उजव्या हाताचा बॉलर वाकडा पडत राहिला की डावीकडचं हाड झिजतं. आधी केसाएवढी चीर जाते. तेव्हा थांबला तर भरते. नाही थांबला तर..." तिने मोबाइल बंद केला. "एम.आर.आय. करून घेऊ या."

"मॅच झाल्यावर, मॅडम. नक्की."

एम.आर.आय. केला आणि त्यात काही निघालं तर साहेब दुसरा बॉलर बघतील, एवढं गणित त्याला येत होतं. इरावतीलाही येत होतं. म्हणून ती म्हणाली, "मग निदान माझं ऐक. सरळ टाक. सरळ टाकलास तर त्या जागेवर भार येत नाही. एक बॉलही जुना टाकायचा नाही. समजलं?"

सुरुवातीला सरळ बॉल असे पडले की कीपरला पेंग आली. ना वेग, ना वळण. धवल हात मोकळा राहू नये म्हणून डाव्या मुठीत रुमाल धरायचा. तरी एकदा धावता धावता रुमालासकट नमस्कार झालाच. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी काय झालं कोण जाणे, मागचा पाय पडला, कंबर त्याच्यामागून गेली, खांदा कंबरेमागून, सगळं एका दारातून बाहेर पडावं तसं, आणि बॉल हातातून सुटून बॅट्समनच्या नाकासमोरून गेला. धवल जागीच उभा राहिला. सुई टोचली नव्हती.

त्याने पुन्हा टाकला. पुन्हा नाही टोचली.

"मॅडम!" तो ओरडला. "दुखत नाहीये!"

"तू तर म्हणत होतास कधी दुखतच नव्हतं," इरावती म्हणाली. मग तीही हसली.

त्या दिवशी त्याने घरी फोन केला. आईने, यमुनाबाईंनी, उचलला. "आई, आता मी सरळ टाकतो. वळसा बंद. नमस्कार बंद. कंबर एकदम चंगी."

"नमस्कार बंद?" यमुनाबाई घाबरल्या. "अरे बाळा, देवाला असं सोडून देतात काय?"

"आई, देव तिकडे आहे. मी इकडे आहे."

यमुनाबाईंनी फोन ठेवला, पायांत चपला घातल्या आणि थेट प्रतापराव सरांचं घर गाठलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर त्यांनी एकच ॲक्शन शिकवली होती, आणि तिच्या जोरावर परमनंट होऊ शकेल असा एकच पोरगा त्यांच्या हातून घडला होता. तो ऐन वेळी भेरूजींना सोडणार आणि धडपडणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"काळजी नका करू, यमुनाबाई," ते म्हणाले. "तो देवाकडे येऊ शकत नसेल तर देव त्याच्याकडे जाईल."

मॅचच्या आदल्या दिवशी सरांनी ओट्यामागचा एक दगड निवडला. त्याला शेंदूर चढवला, वर्ख लावला, डोळे बसवले आणि रेक्झीनच्या पिशवीत घालून इंदूरची बस धरली. बस भरलेली होती. सरांना कशीबशी एक खिडकी मिळाली. कंडक्टरने पिशवीत डोकावून पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, भगवान को नीचे रखोगे? उठो." भेरूजी खिडकीशी बसले. सर इंदूरपर्यंत उभे.

देवासला कारखान्याच्या फाटकावरचा शिपाई धारजवळच्या नालछ्याचा निघाला. पिशवीतले भेरूजी बघून त्यानेच आतून कुदळ आणून दिली. दोघांनी संध्याकाळी मैदानात जागा मोजली. क्रीजपासून धारचा ओटा जेवढ्या अंतरावर, तेवढ्यावरच. सर अशा बाबतीत फार काटेकोर.

सकाळी मैदानात देव उगवलेला होता.

आधी कॅन्टीनच्या बाया आल्या. त्यांनी पाणी घातलं, फुलं वाहिली, उदबत्त्या लावल्या. पिच रोल करायला आलेल्या माणसाने रोलर लांबूनच वळवला. कारखान्यातून पहिल्या पाळीचे लोक आले, त्यांनी नारळ फोडले. दहा वाजेपर्यंत भेरूजी या जागी फार जुने आहेत, आणि शेत होतं तेव्हापासून आहेत, हे सांगणारा एक म्हातारा साक्षीदारही मिळाला.

इरावती आली ती बघतच राहिली. "हे कोणी ठेवलं? काढा आधी!"

कुणी हललं नाही.

"कटारिया साहब, यह रनअप के बीच में है!"

कटारिया साहेब बूट काढून उभे होते. "मॅडम, आस्था का मामला है. बड़े साहब ने भी अभी ग्यारह का नारियल चढ़ाया है."

"मग दुसऱ्या टोकाने टाकू दे त्याला."

दुसऱ्या टोकाला बड़े साहेबांचा मंडप होता, आत सोफे. राउंड द विकेट टाकावं, तर त्या बाजूला प्रसादाची ताटं मांडलेली. इरावती स्वतःच दगडाकडे निघाली, तर एका बाईने तिच्या पायांवर लोळणच घेतली, "बाई, हमारे बच्चे हैं घर में."

मंडपाच्या सावलीत प्रतापराव सर पांढरा शर्ट घालून बसले होते. धवलने त्यांना पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"सर, हे काय केलंत?"

"तुला एकट्याला कसा सोडू रे?" सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "रात्रभर तुझ्यासाठी इथेच बसलो बघ. आता टाक बिनधास्त. धारलाच आहेस असं समज."

ज्या माणसाने पहिला बॉल हातात दिला, तो देवाला बसमध्ये बसवून स्वतः उभ्याने आलेला. धवलने त्यांना नमस्कार केला आणि बॉल घेतला.

"धवल," इरावती जवळ येऊन हळू म्हणाली. "बाजूने जा. पण वाकू नकोस. काहीही झालं तरी वाकू नकोस."

"नाही वाकत, मॅडम."

पहिला बॉल. तो दगडाच्या उजवीकडून गेला, हात छातीशी घट्ट धरून. पाय पुन्हा ओळीत आणायच्या गडबडीत बॉल सुटला तो वाइड.

"अरे, ढोक नी दी रे!" गर्दीतून कुणी मालवीत ओरडलं. देवापुढे डोकं नाही टेकवलं! बायांच्यात कुजबुज झाली. बड़े साहेबांनी कटारियांच्या कानात काही विचारलं. दुसरा बॉल, हात छातीशी. बॅट्समनने चौकार मारला. आता लोक उघड ओरडू लागले. "अपशकुन है! निकालो इसको!" कटारिया साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि कडेला बसलेल्या मनावरच्या एका पोराला उठून अंग गरम करायची खूण केली.

धवलने ती खूण पाहिली.

तिसऱ्या बॉलला तो धावला तेव्हा महिनाभर इरावतीने शिकवलेलं सगळं त्याच्या पायांत होतं. पण दगड जवळ आला, शेंदराचा वास आला, आणि हात खाली गेला. बोटं ओल्या शेंदराला लागली, कपाळाला लागली. पाय सरळ पडले, नवे. अंग तिरकं उडालं, जुनं. स्टंप हवेत.

मैदान उसळलं. घंटा वाजू लागली. ती कुणी आणली होती देव जाणे. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. इरावतीने मात्र तोंडावर हात ठेवला होता.

चौथा बॉल, पुन्हा नमस्कार, पुन्हा विकेट. धवल परत मार्ककडे चालत गेला तेव्हा डावा पाय जरा ओढत होता.

"बस कर!" इरावती सीमारेषेवरून ओरडली. "धवल, बस कर आता! लंगडतोयस तू!"

तिचा आवाज घंटेत बुडाला. त्याला ऐकू आलं असतं तरी तो थांबला असता असं नाही. बड़े साहेब मंडपात उभे राहून बघत होते. परमनंट एवढं जवळ त्याने कधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या बॉलला तो वाकला, हात लावला, उडाला. पुढचा पाय जमिनीवर आदळला तेव्हा अंपायरला सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो नंतर म्हणायचा, त्याला वाटलं स्टंप मोडला. स्टंप तर मोडलाच होता. बॅट्समन बोल्ड, हॅटट्रिक, आणि धवल पिचवर पालथा.

लोकांना वाटलं, साष्टांग घातला. म्हणून त्यांनी जयजयकार केला. माइकवर कटारिया साहेब ओरडले, "धवल काटकर, धार! आज से हमारे परमनंट साथी!" त्यानंतरही तो उठला नाही, तेव्हा टाळ्या हळूहळू थांबल्या. गळ्यात घालायला हार घेऊन आलेला माणूस हार हातात धरून तसाच उभा राहिला.

एम.आर.आय. सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये धवल भिंतीला धरून उभा होता. बसता येत नव्हतं, आडवं होताना किंकाळी निघत होती. इरावती जरा लांब जाऊन फोनवर बोलत होती. कटारिया साहेबांचा आवाज फोनमधून इतरांनाही ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"सिलेक्शन तो पक्का ही था, मॅडम. बहुत भावुक पल था. पर बॉलर खड़ा तो रहे ना. वो मनावरवाला कल जॉइन कर रहा है. और हाँ, बड़े साहब ने कहा है, भेरूजी के चारों तरफ रेलिंग लगेगी. रनअप थोड़ा बदल लेंगे."

इरावतीने फोन बंद केला. धवलकडे न बघता ती म्हणाली, "साहेबांनी विचारलंय तुला. बरं वाटतंय का म्हणून."

"ऐकलं मी, मॅडम," धवल म्हणाला.

आतून मशीनवाला बाहेर आला. "काटकर कौन? लोहे का कुछ भी अंदर नहीं जाएगा. घड़ी, चेन, कड़ा. अरे, ये कीलवाले जूते उतारो पहले."

धवलने खाली पाहिलं. बूट फार लांब होते. तो वाकायला गेला आणि भिंतीवर कपाळ टेकून थांबला. इरावती पुढे झाली, पण तिच्या आधी प्रतापराव सर बाकावरून उठले. मैदानातून ते धवलबरोबरच आले होते. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, मग कण्हत दुसरा, आणि धवलच्या पायाशी बसले.

"सर, नका! तुम्ही पायाला हात नका लावू."

"गप. हलू नको."

नाडीची गाठ घामाने आवळली होती. सरांच्या नखांना ती सुटेना.

"दोन दोन गाठी कशाला मारतोस रे?"

"तुम्हीच शिकवलंत, सर."

सरांनी खाली वाकून गाठ दातात धरली आणि सोडवली. मग दुसरी. एकेक बूट असा काढला की पाय हलू नये, पाय हलून कंबर हलू नये. मोजेही काढले. अनवाणी धवल मशीनवाल्याच्या खांद्यावर हात टाकून इंच इंच आत गेला आणि दार लागलं.

मशीन ठोके देऊ लागलं. सर जमिनीवरच बसून राहिले, मांडीवर बूट घेऊन. त्यांनी खिशातून काडेपेटीतली काडी काढली आणि खिळ्यांत अडकलेली देवासची माती टोकरायला सुरुवात केली. जरा वेळाने झाडूवाली बाई येऊन म्हणाली, "बाबा, फर्श अभी पोंछा है."

"हो बाई," सर म्हणाले. त्यांनी फरशीवर पडलेली माती बोटाने गोळा केली, मुठीत घेतली. टाकायला कुठे जागा दिसेना, म्हणून मूठ तशीच मिटून बसले.